हौशी ऑटोक्रॉससाठी गाड्यांचे वर्ग फक्त सीसीवर पाडले तर चालेल का?

रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळी पठारावर, तुम्ही मित्रमंडळी ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत आखलेल्या वळणावळणाच्या वाटेवर गाड्यांची वेळ मोजायची स्पर्धा) भरवताय, वर्ग सीसीवर, म्हणजे इंजिनाच्या आकारावर, पाडलेत आणि पोलोवाल्यांची नि स्विफ्टवाल्यांची आत्ताच जुंपली आहे, असं तुम्ही लिहिलंय. कोकणातल्या अशा हौशी स्पर्धांत मी गाड्यांची तपासणी करतो, म्हणून स्पष्टच सांगतो: इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा टर्बो आल्यापासून नुसत्या सीसीवरचे वर्ग टिकत नाहीत.

तुमच्या भांडणातल्याच गाड्या घ्या. टर्बोवाली पोलो जीटी टीएसआय १,१९७ सीसी, २०१८ची बिनटर्बोची पेट्रोल स्विफ्टही १,१९७ सीसी. पोलोची ताकद १०५ पीएस, स्विफ्टची ८३. स्विफ्टवाला इथेच हरकत घेणार. पण पोलोचं वजन अकराशे किलोच्या आसपास आणि स्विफ्ट नऊशेच्या आत, त्यामुळे टनामागे ताकद काढली की दोन्ही जवळजवळ बरोबरीत येतात. मग पोलोवाला म्हणणार, घ्या, मिटला वाद! नाही मिटत, कारण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर. पोलोचा १७५ न्यूटन-मीटर, तोही कमी आरपीएमपासूनच, स्विफ्टचा ११३. सड्यावर लांब सरळ पट्टा मिळतो कुठे? बहुतेक वेळ वळणातून बाहेर पडण्यातच जातो, आणि तिथे टायरला पकड मिळाली की पोलो निसटते.

एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाची सीसी १.७ने गुणतात. त्या हिशेबाने ही पोलो २,०३५ सीसीची होते, म्हणजे दोन लिटरवाल्यांच्याही वर. शोरूममधून निघाली तशीच असलेल्या गाडीवर हा अन्याय आहे. माझ्या मते टर्बो गाडी एक वर्ग वर न्यावी, त्याहून जास्त नको.

रीमॅपबद्दल, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम बदलून ताकद वाढवण्याबद्दल, मात्र भाबडेपणा नको. बॉनेट उघडून रीमॅप दिसत नाही आणि सड्यावर तुम्ही डायनो (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) आणणार नाही. जे तपासता येत नाही, त्यावर नियम लिहिला की प्रामाणिक माणूस तो पाळतो आणि हरतो. मला याचा खरंच राग येतो. एअर फिल्टर, एक्झॉस्ट, टायर डोळ्यांना दिसतात, वजन काट्यावर कळतं. नियम त्यांवर बांधा. दिसण्याजोगा बदल असेल तर गाडी सरळ ओपन वर्गात, म्हणजे बदल केलेल्या गाड्यांच्या वर्गात.

वजनासाठी चिऱ्याचे ट्रक जातात तो वजनकाटा पुरतो, फक्त दहा-वीस किलोची सूट ठेवा, कारण हे काटे बहुधा दहा किलोच्या पायरीने आकडा दाखवतात. ड्रायव्हर हेल्मेटसकट आत बसलेला, स्टेपनी ठेवायची की काढायची ते आधीच लिहिलेलं, आणि पावती फॉर्मला टाचलेली. वर्गासाठी ठरवलेल्या किमान वजनाला गाडी कमी पडली तर भर म्हणून लोखंडी प्लेट फ्लोअरला बोल्टने आवळलेली हवी. वाळूचं पोतं अजिबात नको. ब्रेक दाबल्यावर ते ड्रायव्हरच्या पाठीत येतं.

टायरला लोक हलकं घेतात. जांभ्याच्या सुट्या खडीवर रॅलीचे खोल नक्षीचे टायर कुठल्याही फिल्टरपेक्षा जास्त वेळ वाचवतात, म्हणून स्टॉक वर्गात, म्हणजे शोरूममधून निघाल्या तशाच गाड्यांच्या वर्गात, फक्त रस्त्याचेच टायर.

वर्ग तीन-चारच पाडा. पाचपेक्षा कमी गाड्या आल्या तर तो वर्ग वरच्यात मिसळेल, हेही लिहून ठेवा. नाहीतर दोन गाड्यांत दोन बक्षिसं वाटली जातात.

जागेचं म्हणाल तर एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांप्रमाणे परवानगी काढा. आणि सार्वजनिक रस्त्याचा तुकडा वापरणार असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९खाली राज्य सरकारची लेखी संमती लागते. ट्रॅक आखण्याआधी गावातल्या जाणत्यांना घेऊन सडा पायी फिरा. तिथे कातळशिल्पं असतील तर दुसरी जागा बघा.

नियमांची प्रत प्रवेश फी घेण्याआधी प्रत्येकाच्या हातात द्या आणि सही घ्या. हरकत घ्यायची तर लेखी, अनामत रक्कम भरून, निकाल लागल्यापासून अर्ध्या तासात. हरकत खरी ठरली तर रक्कम परत.