दोन हजार डॉलर आणि डीओ कॉलेजांची यादी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेक रटगर्समधून पदवीधर झाली, जीपीए ३.५, एमकॅट (वैद्यकीय प्रवेशपरीक्षा) ५०३, घर न्यू जर्सीत एडिसनला, सगळ्यांकडे ग्रीन कार्ड, आणि डीओ, म्हणजे एमडीसारखीच डॉक्टरची पदवी देणाऱ्या ऑस्टिओपॅथिक कॉलेजांच्या अर्जांसाठी घरातून दोन हजार डॉलर बाजूला काढता येतील. तिला कुणीतरी सांगितलंय की वीस-पंचवीस ठिकाणी टाकून दे, कुठेतरी लागेलच. मी हे सगळं माझ्या लेकीबरोबर केलंय. तिच्या अर्जाच्या वर्षीच ह्यांची नोकरी गेली होती, त्यामुळे एकेक डॉलर वहीत लिहून खर्च केला. ती आता रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, करतेय. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ओळखीच्या तीन-चार घरांतल्या मुलांच्या याद्या मी त्यांच्याबरोबर बसून बघते. तुम्हाला माझं सांगणं एवढंच: वीस नको, आठ करा. पण ती आठ कोणती हे ठरवायला दोन आठवडे द्या.

आधी हिशोब मांडते. डीओ कॉलेजांचा अर्ज अ‍ॅकोमास या एकाच सेवेतून जातो. पहिल्या कॉलेजला साधारण दोनशे डॉलर, पुढच्या प्रत्येकाला पंचावन्न-साठ. आठ कॉलेजांचे झाले सहाशेच्या वर. इथे सगळे थांबतात आणि म्हणतात, अजून पैसे आहेत, अजून चार टाकू. पण त्यानंतर प्रत्येक कॉलेजची सेकंडरी, म्हणजे त्यांचा स्वतःचा दुसरा अर्ज, येतो, तिची फी वेगळी, पन्नासपासून शंभरच्या वर कितीही. म्हणजे आणखी सहा-सातशे. शिवाय काही कॉलेजांना कॅस्पर परीक्षा लागते, तिचे पैसे वेगळे, आणि जिथे जिथे क्रेडिट घेतले त्या प्रत्येक कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टचेही. आठ कॉलेजांचे सगळे मिळून चौदाशेच्या आसपास जातात. उरलेले सहाशे राखून ठेवा, ते कशाला ते पुढे सांगते.

आम्ही हे उलटं केलं होतं. लेकीने चौदा ठिकाणी अर्ज टाकले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवसांत नऊ सेकंडरी येऊन पडल्या. रात्री अकराला जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला माझी निळी वही, आणि ती एकेक ईमेल उघडून फी वाचून दाखवतेय, मी खाली लिहितेय. बेरीज झाली तेव्हा ती गप्प झाली. शेवटी पाच कॉलेजांच्या सेकंडरी आम्ही भरल्याच नाहीत. त्या पाचांच्या अ‍ॅकोमास फीचे पैसे गेले ते गेलेच. सेकंडरी भरायची ऐपत नसेल तर ते नाव यादीत घालूच नका. बहुतेक डीओ कॉलेजं फार चाळणी न लावता सेकंडरी पाठवतात, तेव्हा सेकंडरी आली म्हणजे त्यांना मुलगी आवडली असं समजू नका.

आता फी माफीचं बघा, कारण आपल्याकडची घरं इथेच चुकतात. ‘आपण गरीब थोडेच’ म्हणून कुणी फॉर्म उघडूनसुद्धा बघत नाही. एमकॅट घेणाऱ्या एएएमसी या संस्थेची फी सवलत योजना आहे, तिची उत्पन्नमर्यादा दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत आहे. चार माणसांच्या घराला हा आकडा लाख डॉलरच्या वर जातो! एमकॅटची फी त्यात बरीच कमी होते, आणि ही सवलत मंजूर असेल तर अनेक डीओ कॉलेजं सेकंडरीची फी माफ करतात. मात्र मंजुरी एमकॅटची नोंदणी करण्याआधी घ्यावी लागते, झालेल्या परीक्षेचे पैसे परत मिळत नाहीत. लेक परत एमकॅट देणार असेल तर हे आजच करा, देणार नसेल तरी सेकंडरीसाठी अर्ज करून ठेवा. अ‍ॅकोमासची स्वतःची फी माफी वेगळी आहे. तिची उत्पन्नमर्यादा बरीच कडक, ती पहिल्या कॉलेजपुरतीच मिळते, आणि मिळाल्यावर ठरलेल्या दिवसांत अर्ज पाठवावा लागतो.

यादीतलं पहिलं नाव रोवन-व्हर्चुआ. न्यू जर्सीतलं एकमेव डीओ कॉलेज, सरकारी, आणि राज्यातल्या मुलांना प्राधान्य देणारं. इन-स्टेट ट्यूशन बहुतेक खासगी कॉलेजांपेक्षा बरीच कमी. दुसरीकडे कुठेही तुमच्या लेकीला ती न्यू जर्सीची आहे म्हणून झुकतं माप मिळणार नाही. तिथली सेकंडरी सगळ्यात आधी, सगळ्यात मन लावून लिहायला सांगा.

सरकारी म्हणजे स्वस्त हे मात्र आपल्या राज्यापुरतंच खरं. मिशिगन स्टेट, ओहायोचं हेरिटेज, ओक्लाहोमा स्टेट, वेस्ट व्हर्जिनिया ही सगळी सरकारी डीओ कॉलेजं आहेत, पण बाहेरच्यांना फी कितीतरी जास्त. मिशिगन स्टेटची बाहेरच्यांची फी तर खासगीलाही मागे टाकते. टेक्सासमध्ये फोर्ट वर्थचं टीकॉम आणि सॅम ह्यूस्टन स्टेट आहेत, टीकॉमची फी तर फारच कमी, पण तिथे नव्वद टक्के जागा राज्यातल्यांना द्याव्या लागतात. टेक्सासमध्ये राहणारी मराठी घरं हे वाचत असतील तर त्यांनी मात्र तिथूनच सुरुवात करावी, कारण टीएमडीएसएएस नावाच्या त्यांच्या वेगळ्या अर्जाला एकच ठरीव फी आहे, कॉलेजं कितीही निवडा.

नंतर येतो तो भाग ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते: कॉलेज कुणासाठी उभं राहिलंय ते वाचणं. डीओ कॉलेजांतली बरीचशी एखाद्या भागात डॉक्टर नाहीत म्हणूनच सुरू झाली. केंटकीतलं पाइकव्हिल, टेनेसीतलं लिंकन मेमोरियल, व्हर्जिनियातलं व्हीकॉम यांचं लक्ष अ‍ॅपालेशियाच्या डोंगराळ गावांकडे. वॉशिंग्टन राज्यात याकिमाला असलेलं पीएनडब्ल्यूयू वायव्येकडच्या राज्यांसाठी. मिसिसिपीतलं विल्यम केरी आखाताकाठच्या भागासाठी. ही चांगली कॉलेजं आहेत, आणि ती जे करतात त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एडिसनमध्ये वाढलेल्या, तिकडे कधी पाऊल न ठेवलेल्या मुलीने तिथे पैसे का घालायचे? माझ्या लेकीने अशाच एका ठिकाणी शंभरावर डॉलरची सेकंडरी भरली आणि नवव्या दिवशी नकार आला. मग आम्ही त्यांचं संकेतस्थळ नीट वाचलं. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं त्यांना कुठली मुलं हवीत ते. आधी वाचायला हवं होतं. याउलट कुणाची मुलगी त्या भागात दोन वर्षं शिकवून आली असेल, किंवा तिथल्या दवाखान्यात काम केलं असेल, तर तिच्या यादीत हीच नावं वर हवीत.

तुमच्या लेकीसाठी जवळपासची नावं सांगते, यातून निवडा. फिलाडेल्फियाचं पीकॉम, १८९९ पासूनचं, तिथून न्यू जर्सीत प्रॅक्टिस करणारे कितीतरी डॉक्टर निघालेत. लाँग आयलंडवरचं एनवायआयटी. टूरोची हार्लेम आणि मिडलटाउनची कॉलेजं. लेकॉमचं तर नक्की बघा, खासगी डीओ कॉलेजांत त्यांची ट्यूशन सगळ्यात कमी असणाऱ्यांपैकी आहे, आणि ईरी, सीटन हिल, एल्मायरा हे तीन कॅम्पस तुम्हाला गाडीने जाता येण्यासारखे. पिट्सबर्गला ड्युकेनचं नवं कॉलेज २०२४ मध्ये सुरू झालं. तिथली पहिली तुकडी अजून बाहेर पडलेली नाही, म्हणून रेसिडेन्सी कुठे मिळते याचा निकाल बघायला मिळणार नाही. अशी नवी कॉलेजं यादीत एखादंच ठेवावं. बाकीची नावं चूज डीओ एक्सप्लोरर या फुकटच्या साधनावर शोधा, तिथे एमकॅट, फी, राज्याचं प्राधान्य सगळं एकाच जागी दिसतं. ५०३ वर घाबरू नका. डीओ कॉलेजांत प्रवेश मिळालेल्या मुलांची सरासरी अलीकडे ५०३-५०४ च्या आसपास असते.

आता खरा पैसा. अर्जाचे दोन हजार हे चार वर्षांपुढे काहीच नाहीत, आणि यंदा इथे नियम बदललेत. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे पूर्ण खर्चापर्यंत मिळणारं सरकारी कर्ज मिळत नाही. वैद्यकीय शिक्षणासाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. खासगी डीओ कॉलेजात ट्यूशन, घरभाडं, विमा धरून वर्षाचा खर्च ऐंशी हजार ते लाखाच्या घरात जातो. वरची रक्कम बँकेच्या खासगी कर्जातून, म्हणजे आईवडिलांच्या सहीवर आणि जास्त व्याजावर. म्हणून यादीतल्या प्रत्येक कॉलेजपुढे ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’चा, म्हणजे वर्षाच्या एकूण खर्चाचा आकडा लिहा, त्यातून पन्नास हजार वजा करा, आणि उरलेलं चार वर्षांनी गुणा. मी हे करून दाखवते तेव्हा दोन-तीन नावं मुलं आपणहूनच खोडतात. फॅमिली मेडिसिन, बालरोग अशा प्राथमिक सेवेत जायचं पक्कं असेल आणि मुलगी नागरिक झालेली असेल, तर एनएचएससी या सरकारी योजनेची शिष्यवृत्ती बघून ठेवा. ती ट्यूशन आणि दरमहा भत्ता देते, बदल्यात डॉक्टर कमी असलेल्या भागात किमान दोन वर्षं काम करायचं.

याच ओळीत आणखी एक रकाना करा: तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी मुलं कुठे जातात. पुष्कळ डीओ कॉलेजांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं, ती मुलांना वेगवेगळ्या शहरांतल्या हॉस्पिटलांत रोटेशनला, म्हणजे प्रत्यक्ष प्रशिक्षणाला, पाठवतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने दीड वर्षात चार ठिकाणी खोल्या घेतल्या. त्याचा प्रेशर कुकर आणि मसाल्याचा डबा गाडीच्या डिकीतून बाहेरच निघाला नाही. ते भाडं, पेट्रोल, दर वेळचं डिपॉझिट कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. हे कॉलेजला सरळ ईमेल करून विचारा: माझी तिसऱ्या वर्षाची रोटेशन्स एकाच भागात होतील का? ज्यांनी नीट उत्तर दिलं त्यांची नावं आमच्या यादीत वर गेली.

ग्रीन कार्ड नसलेल्या, एच-४ वरच्या (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या) मुलांच्या आयांसाठी इथे थोडं थांबते. बरीच डीओ कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात. सरकारी कर्ज नाही, एएएमसीची फी सवलतही नाही, आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. काही कॉलेजं एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर घेतात, पण एक किंवा जास्त वर्षांची फी आधीच जमा करायला सांगतात. अशा मुलांनी अर्जाला हात लावण्याआधी प्रत्येक कॉलेजला व्हिसाचा प्रश्न लेखी विचारावा. मी एका मुलीला सहा कॉलेजांच्या फी भरल्यावर हे कळताना पाहिलंय, आणि तिची आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

वेळेबद्दल. अ‍ॅकोमास मे महिन्याच्या सुरुवातीला उघडतं आणि अर्ज येतील तसे, जागा भरेपर्यंत प्रवेश दिले जातात. जूनमध्ये आठ ठिकाणी गेलेला अर्ज ऑक्टोबरमध्ये वीस ठिकाणी गेलेल्या अर्जापेक्षा जास्त कामाचा. एमकॅटचा निकाल बाकी असेल तर एकच कॉलेज निवडून अर्ज पाठवा. ट्रान्स्क्रिप्टची पडताळणी सुरू होते, तिला काही आठवडे लागतात, आणि निकाल आल्यावर बाकीची नावं वाढवता येतात. आकडा मनासारखा आला नाही तर फक्त एका कॉलेजचे पैसे गेलेले असतात.

आणि ते राखलेले सहाशे. निवड झाली की जागा धरायला डिपॉझिट मागतात, हजारापासून तीन हजारापर्यंत, आणि बहुतेक ठिकाणी ते परत मिळत नाही. पानगळीत निवड झाली तर मुदत साधारण डिसेंबरच्या मध्यापर्यंत असते. आमच्या लेकीला नोव्हेंबरात एका कॉलेजचं पत्र आलं. आनंद इतका झाला की मी सांगलीच्या बँकेतली माझी एफडी मोडून दोन हजार पाठवले. जानेवारीत ती जिथे शेवटी गेली तिथलं पत्र आलं, घराजवळचं, फी कमी. पहिले दोन हजार बुडाले. सासूबाईंनी फोनवर विचारलं, ‘अगं, हाडवैद्यकीला एवढे पैसे?’ त्यांना समजावलं की भारतातली ऑस्टिओपॅथी वेगळी आणि इथला डीओ वेगळा, तो एमडीसारखाच पूर्ण डॉक्टर, शस्त्रक्रियाही करतो, आणि २०२० पासून रेसिडेन्सीची व्यवस्थाही दोघांची एकच आहे. पैशांचं काय, ते मात्र मला त्यांना समजावता आलं नाही. म्हणून सहाशेवर थांबू नका. जूनपासून दर महिन्याला दोनशे-अडीचशे वेगळ्या खात्यात टाकत जा, आणि कॉलेज निवडतानाच डिपॉझिटचा आकडा त्याच वहीत लिहा.

लेकीला सांगा, पंधरा नावं काढून त्यांपुढे चार रकाने भरायचे: आपलं तिथे काय नातं आहे, एमकॅटची सरासरी, पन्नास हजार वजा जाता वर्षाला किती, तिसऱ्या वर्षी कुठे. तो कागद इथे टाका. शनिवारी सकाळी मी मोकळी असते, त्यातली सात आपण मिळून खोडू.