राजाची मर्जी

प्रश्न : ताई, आम्ही सोलापूरची पोरं इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या दरबारावर एकांकिका बसवायलोय, हुतात्मा स्मृती मंदिरात करायचीय. मी राजाचा मुख्य मंत्री थॉमस क्रॉमवेल करतोय. राजाची भीती दाखवायला सारखं थरथरायचं का?

उत्तर : अजिबात नको रे! क्रॉमवेल लोहाराचा पोरगा, कामाच्या जोरावर वर चढलेला, त्याची भीती हातात दिसू दे, म्हणजे राजा बोलायला लागला की कागदावरचा टाक मध्येच थांबतो, बास. १५३५ मध्ये राजाचाच जुना मंत्री थॉमस मोर, त्याचं मुंडकं उडालं, १५३६ मध्ये खुद्द राणी अ‍ॅन बोलिनचं, आणि दोन्ही वेळा हाच पुढे होता, म्हणजे राजाची मर्जी फिरली की काय होतं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मग राजाच्या चौथ्या लग्नाला अ‍ॅन ऑफ क्लीव्ह्जचं स्थळ यानेच जमवलं आणि राजाला ती आवडलीच नाही. एप्रिल १५४० मध्ये राजानं याला अर्ल, म्हणजे बडा सरदार केलं, जूनमध्ये भर बैठकीत अटक! कैदेतून राजाला पत्र लिहिलं, शेवटी दया, दया, दया असं तीनदा. २८ जुलैला मान उडवली आणि त्याच दिवशी राजाचं पाचवं लग्न! पत्र वाचून झालं की मागून सनई वाजव, पुढे एक शब्द बोलू नको.