नवीन आलेली कुटुंबं टिकत का नाहीत?

प्रश्न: सातपूर एमआयडीसीत नोकरीला आलेली कुटुंबं आमच्या चर्चला एक-दोन रविवार येतात न मग दिसतच नाहीत, काय करावं? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: ताई, दारात हात मिळवणारे असतात हो, पण उपासना संपली की सगळे आपापल्या घोळक्यात आणि नवीन माणूस चहाचा कप धरून भिंतीपाशी एकटा, तिथंच तो तुटतो. शेजारी बसा, गीतपुस्तकात त्या गीताचा नंबर काढून द्या, बुधवारी एक फोन करा. वर्गणीचा विषय लगेच नको, प्लीज! आपल्या नाशिकच्या शरणपूरचं नावच बघा ना, शरण आलेल्यांचं गाव; १९व्या शतकात गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांनाही मिशनऱ्यांनी तिथे आसरा दिला होता. येत्या रविवारी एका कुटुंबाला जेवायलाच बोलवा, साधा वरणभात चालेल.