वॉल्टर व्हाइटने नेमकं काय फेडलं?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेच्या शेवटच्या भागावरचा तुझा लेख सावकाश वाचला. कॅन्सर झाल्यावर घरच्यांसाठी म्हणून मेथ हा अमली पदार्थ बनवू लागलेल्या वॉल्टर व्हाइट या रसायनशास्त्राच्या शिक्षकाची ही गोष्ट. शेवट बघताना डोळे भरून आले हे तू लपवलं नाहीस, ते फार बरं केलंस. समीक्षकाने कोरडं राहावं असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नकोस. ज्याला काहीच वाटत नाही, त्याने लिहायचं तरी कशावर? पण ‘मरण्यापूर्वी वॉल्टर व्हाइट आपली पापं धुऊन काढतो’ या ज्या वाक्यावर तुझ्या लेखाचा सगळा भार आहे, ते मला पटत नाही. का पटत नाही ते नीट सांगतो, कारण तुला पुढे स्वतः मालिका लिहायच्या आहेत आणि गुन्हेगार नायक घेतलास की हा प्रश्न तुझ्या मानगुटीवर बसणारच.

तू सुरुवात केलीस ती २९ सप्टेंबर २०१३ रोजी दाखवलेल्या ‘फेलिना’ या शेवटच्या भागापासून. माझा पहिला आक्षेप इथेच आहे. ६२ भागांच्या मालिकेत शेवटच्या तासाभरात माणूस काय काय करतो, एवढ्यावरून तो बदलला की नाही हे कळत नाही. तो तिथवर कशासाठी आला हे आधी बघावं लागतं. म्हणून एक भाग मागे जा. न्यू हॅम्पशायरच्या बर्फात दडून बसलेला, कॅन्सरने खंगलेला वॉल्ट एका बारमधून मुलाला फोन करतो. पैसे पाठवतोय म्हणून सांगतो. मुलगा संतापाने ओरडतो, तुझं काही नको, तू अजून जिवंत कसा, मरत का नाहीस एकदाचा! त्यानंतर वॉल्ट अल्बुकर्कीच्या अमली पदार्थविरोधी खात्याला फोन लावतो, स्वतःचं नाव सांगतो, रिसीव्हर तसाच लोंबकळत सोडतो आणि बारवर येऊन पेय मागवतो. आता पोलीस येतील आणि नेतील.

माझ्या मते सगळ्या मालिकेत तो प्रायश्चित्ताच्या सर्वांत जवळ येतो तो इथे. कसली युक्ती नाही, कुणावर छाप पाडायची नाही, हातात एकही डाव उरलेला नाही. आणि नेमकी तेव्हाच बारमधल्या टीव्हीवर ग्रेचेन आणि एलियट या त्याच्या जुन्या भागीदार जोडप्याची मुलाखत दिसते. ज्या कंपनीच्या स्थापनेत वॉल्ट होता, तिच्यात त्याचा वाटा कंपनीचं नाव सुचवण्यापुरताच होता, असं ते जगासमोर सांगतात. त्याचं निळं मेथ अजूनही बाजारात आहे, हेही तिथेच त्याच्या कानावर पडतं. पोलीस आत शिरतात तेव्हा बारवर त्याचा ग्लास तेवढा असतो, वॉल्ट पसार झालेला असतो.

म्हणजे बघ, स्वतःहून शरण आलेला माणूस उठून परत फिरतो, आणि ते पश्चात्तापाने नव्हे, तर अहंकार डिवचला गेला म्हणून. तुझ्या लेखात या बारचा उल्लेखच नाही. तो आणलास की शेवटच्या भागातल्या सगळ्या कर्तबगारीचा रंग बदलतो.

मुलांच्या भविष्याची त्याने सोय केली, असं तू कौतुकाने लिहिलंस. ग्रेचेन-एलियटच्या घरातलं ते दृश्य पुन्हा लाव आणि या वेळी वॉल्टकडे नव्हे, त्या दोघांकडे बघ. त्यांच्या दिवाणखान्यात ९७ लाख २० हजार डॉलर रचून ठेवलेत, मुलगा अठरा वर्षांचा झाला की ट्रस्ट म्हणून ते त्याला द्यायचे, आणि दिले नाहीत तर बाहेर दबा धरून बसलेले मारेकरी एक दिवस तुम्हाला उडवतील, अशी धमकी. छातीवर लाल ठिपके थरथरतात आणि ती दोघं भीतीने पांढरीफटक पडतात. बाहेर मारेकरी नाहीत, बॅजर आणि स्किनी पीट ही वॉल्टच्या ओळखीची दोन पोरं लेझर पॉइंटर घेऊन उभी आहेत हे आपल्याला नंतर कळतं आणि आपण सुटकेने हसतो, पण त्या दोघांना उरलेलं आयुष्य त्याच भीतीत काढायचं आहे. वर तो बजावतो की तुमचा एक पैसाही यात घालायचा नाही, वकिलाची फी द्यायची तीही यातूनच. पहिल्या सीझनमध्ये याच जोडप्याने उपचाराचा खर्च देऊ केला होता आणि त्याने तो झिडकारला होता. तेव्हा घेतला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. तो अभिमान शेवटच्या दिवशीही जसाच्या तसा आहे.

आणि मुलाचं काय? ज्या पोराने ‘तुझं काही नको’ असं तोंडावर सांगितलं, त्याच्याच पदरात तेच पैसे दुसऱ्याच्या नावाने घालायचे. नाही म्हणण्याचा त्याचा हक्कही बापाने फसवून काढून घेतला. याला तू माया म्हण, मला त्यात अजूनही तोच माणूस दिसतो, ज्याला घरच्यांचं भलं कशात आहे हे घरच्यांपेक्षा जास्त कळतं.

आता तुझ्या बाजूने बोलतो, कारण या भागात एक जागा अशी आहे की तिथे मीही गप्प होतो. वॉल्टच्या बायकोचं, स्कायलरचं स्वयंपाकघर. आधी आपल्याला ती एकटीच दिसते, फोनवर बहीण सांगत असते की वॉल्ट गावात आलाय, सांभाळ. मग कॅमेरा हळूहळू पुढे सरकतो आणि खांबाआड उभा असलेला वॉल्ट दिसतो. केवढी नेमकी मांडणी आहे! इतकी वर्षं तो तिच्या आयुष्यात असाच, एका आडोशामागे उभा होता. तो बोलायला लागताच ती सांगते की हे सगळं कुटुंबासाठी केलं असं पुन्हा एकदा ऐकवणार असशील तर नको. आणि तो म्हणतो की मी हे माझ्यासाठी केलं. मला ते आवडत होतं. मला ते जमत होतं.

वाल्या कोळ्याची गोष्ट लहानपणापासून आपल्या कानांवर आहे. माझ्या पापात तुम्ही वाटेकरी का, असं त्याने निदान घरी जाऊन विचारलं. वॉल्टने कधी विचारलंच नाही. पहिल्या भागापासून त्याने बायकामुलांना न विचारता वाटेकरी करून टाकलं आणि त्यांच्या नावावर पाप करत राहिला. स्वयंपाकघरातल्या त्या वाक्याने तो त्यांची नावं त्या पापावरून पुसतो. त्याचा साडू हँक आणि हँकचा सहकारी गोमेझ, अमली पदार्थविरोधी खात्याचे हे दोन अधिकारी जिथे पुरलेत ती जागाही तो तिला सांगून जातो, तिला सरकारी वकिलाशी काही बोलणी करता यावीत म्हणून. हे सगळं खरं आहे, आणि वॉल्टची भूमिका करणारा ब्रायन क्रॅन्स्टन ते जसं बोलतो त्यात खोटेपणाचा लवलेश नाही. मात्र वाल्याला घरच्यांचं उत्तर मिळालं तिथे त्याची गोष्ट संपली नाही, तिथून ती सुरू झाली, आणि अंगावर वारूळ चढेपर्यंत त्याला बसावं लागलं. वॉल्टजवळ कबुलीनंतर काही तास उरलेत, आणि ते तो मशीनगनचा डाव पार पाडण्यात घालवतो.

गाडीत लपवलेल्या मशीनगनने वॉल्ट जॅकच्या टोळीला उडवतो, त्या प्रसंगाबद्दल थोडक्यातच लिहितो. ही टोळी नाझी आहे, हँकला मारणारी आहे, वॉल्टचा जुना विद्यार्थी आणि धंद्यातला साथीदार जेसी याला साखळदंडात ठेवणारी आहे. अशांना गोळ्या घातल्या तर प्रेक्षक टाळ्या वाजवणारच. पण समोरचे आपल्याहून नीच आहेत म्हणून आपण चांगले ठरत नाही. जॅक वॉल्टकडूनच लुटलेल्या पैशांचं आमिष दाखवत असतो आणि वॉल्ट त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत गोळी झाडतो, तेवढं मात्र जमेला धर. पैशाची हाव संपली हे तिथे कळतं.

जेसीवर मात्र थांब. तू लिहिलंस की वॉल्ट त्याला सोडवायला जातो. नाही रे! तो तिथे जातो तेव्हा जेसी जॅकचा भागीदार झाला अशीच त्याची समजूत असते. चिडलेला जॅक ती खोटी ठरवायला जेसीला समोर आणतो. साखळ्या, विस्कटलेली दाढी, मार खाल्लेला चेहरा, आणि खाली गेलेली नजर. वॉल्ट क्षणभर त्याच्याकडे बघतो आणि अंगावर झेप घेऊन त्याला जमिनीवर पाडतो. मग मशीनगन सुरू होते आणि तिचीच एक गोळी वॉल्टच्या कुशीत शिरते. शेवटच्या भागात आधीपासून न ठरवलेली अशी त्याच्या हातून झालेली ही एकच कृती. बाकी सगळं घड्याळासारखं आखलेलं आहे आणि धंद्यातल्या लिडियाला दिलेलं विष, ट्रस्ट, मशीनगन, सगळे डाव त्याच्या मनासारखे पडतात. ज्याचा शेवटचा दिवसही त्याच्या आखणीबरहुकूम पार पडतो, तो काय फेडतो? म्हणून मला ही झेप मोलाची वाटते. तिथे तो क्षणभर कुणाच्याही वर नसतो.

त्यानंतर तो पिस्तूल जेसीकडे सरकवतो आणि मार मला म्हणतो. जेसी त्याच्याकडून वदवून घेतो की ही तुझीच इच्छा आहे. आणि मग पिस्तूल टाकून सांगतो, तूच कर. माझ्या मते सगळ्या भागातला हा सर्वांत शहाणा क्षण आहे, आणि तो लिहिणारा, मालिकेचा निर्माता व्हिन्स गिलिगन वॉल्टच्या बाजूने नाही याचा पुरावाही. जेसी माफ करत नाही आणि सूडही घेत नाही. वॉल्टच्या आखणीतलं एक प्यादं व्हायला तो पहिल्यांदा नकार देतो. तुझ्या लेखात या प्रसंगाला एकच ओळ मिळालीय, त्याला पानभर जागा दे.

कबुली म्हणजेच मुक्ती असं तुला वाटत असेल तर ‘द शील्ड’ बघ. २००८ मध्ये संपलेली, लॉस एंजलिसच्या पोलिसांवरची मालिका. शेवटच्या आधीच्या भागात व्हिक मॅकी आपले सगळे गुन्हे एकामागून एक कबूल करतो, अगदी पहिल्याच भागात सहकारी पोलिसाचा केलेला खून धरून. पण आधी त्याने केंद्रीय खात्याकडून संपूर्ण माफी लिहून घेतलेली असते आणि किंमत मोजतो तो त्याचा मित्र रॉनी, ज्याला सगळ्यांदेखत बेड्या पडतात. व्हिकच्या तोंडून एक शब्द खोटा निघत नाही, तरी ऐकणाऱ्याच्या पोटात ढवळतं.

आणि मग ‘बेटर कॉल सॉल’, वॉल्टचा वकील सॉल गुडमन, म्हणजेच जिमी मॅकगिल, याच्यावरची मालिका. १५ ऑगस्ट २०२२ चा शेवटचा भाग. जिमी सरकारी वकिलांशी बोलबोलून शिक्षा साडेसात वर्षांवर आणतो. हातात आलेली ही सौदेबाजी तो भर न्यायालयात स्वतःच उधळून लावतो, वॉल्टच्या धंद्यातला आपला वाटा सांगतो, भावाला आपण कसं खचवलं तेही सांगतो, जो कायद्याने गुन्हाच नव्हता, आणि ८६ वर्षांची शिक्षा पत्करतो. त्यातही थोडी नाटकीपणाची हौस आहे, पूर्वीची बायको किम हिला तिथे यायला लावण्यासाठी तो आधी खोटं बोलतो. तरी मला तो बदल पटतो, कारण ज्या जिभेच्या बळावर तो आयुष्यभर निसटत आला, तीच जीभ त्याने स्वतःविरुद्ध चालवली. वॉल्टचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे त्याची अक्कल, आणि ते त्याने शेवटपर्यंत हातचं सोडलं नाही. शेवटी तो प्रयोगशाळेतल्या टाकीवर मायेने हात ठेवतो आणि तिथेच कोसळतो. त्याचं खरं प्रेम कशावर होतं, ते मालिका स्वतःच सांगून जाते.

म्हणून मी शेवट वाईट म्हणत नाही. मालिकेने त्याला कबुली दिली आणि मनासारखं मरणही दिलं. मुक्ती दिली असं तिचंही म्हणणं नसावं, ती आपण आपल्या पदरची घातली, कारण इतकी वर्षं सोबत काढलेल्या माणसाला रिकाम्या हाताने निरोप देववत नाही. ही भावना समजून घे, लेखात लिहीसुद्धा, पण तिला निकाल समजू नकोस. आणि जेसीची मैत्रीण अँड्रिया, तिचं नाव घाल. जेसीने पळायचा प्रयत्न केला म्हणून जॅकच्या टोळीतल्या टॉडने तिला तिच्या दारात गोळी घातली. तिचा मुलगा ब्रॉक, ज्याला वॉल्टने पूर्वी विष दिलं होतं, तो पोरका झाला. शेवटच्या भागात वॉल्टच्या तोंडी त्या मुलाचं नाव एकदाही येत नाही.

तू तुझ्या पटकथेबद्दलही विचारलंयस, की शेवटी तुझा नायक दुसऱ्यासाठी गोळी झेलून मरतो, ते ठेवू का. नको ठेवूस. वॉल्ट पहिल्या भागापासून मरणारच होता, त्यामुळे मरण ही त्याला शिक्षा नव्हतीच, उलट ती सोयीची वाट होती. तुझ्या नायकालाही ती देऊ नकोस. त्याला जिवंत ठेव आणि त्याने ज्याचं वाटोळं केलं त्या माणसासमोर बसव. पहिलं वाक्य त्या माणसाला बोलू दे. ते वाक्य सुचलं की मला पाठव, पुढचं मग बोलू.

तुझा,
हितचिंतक