वसंतातले कंद आणि सोलापूरचं ऊन

प्रश्न : गेल्या नोव्हेंबरात ट्युलिपचे कंद कुंडीत लावले. पाती आली, फूल नाही. कंदच खराब होते का? (जुळे सोलापूर)

कंदांना बोल लावू नका. ट्युलिपचा दांडा वर यायला १२ ते १४ आठवडे ४ ते ७ अंशांची सलग थंडी लागते. ती आपण कुठून आणणार? हौस असेल तर सप्टेंबरअखेर कंद कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि डिसेंबरअखेर लावा. शेजारी केळी, सफरचंद नकोत. पिकत्या फळांच्या इथिलीन वायूने आतली कळी जळते. एवढं करूनही ते आपल्याकडे एकदाच फुलतील. मी त्याऐवजी पेपरव्हाइट नर्गिस लावायला सांगेन. त्याला थंडी लागत नाही, फुलंही चार ते सहा आठवड्यांत.

प्रश्न : आईने लावलेली लाल अ‍ॅमरिलिस लिली. तीन वर्षं नुसती पानं येतात. पाणी रोज घालते. (होटगी रोड)

रोजचं पाणीच नडतंय. या कंदाला झोप हवी. दिवाळीनंतर पाणी तोडा, पानं पिवळी पडू द्या, कुंडी कोरड्या सावलीत सरकवा. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उलगडली की पुन्हा पाणी सुरू करा. मार्चच्या सुमारास दांडा दिसेल. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर हवा. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो, म्हणून माती, शेणखत आणि जाड वाळू समभाग घ्या. फुलं सरली की दांडा कापा, पानांना मात्र हात लावू नका. पुढच्या वर्षीच्या फुलाची शिदोरी तीच भरतात. एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन टाळा. आईच्या हातचा कंद आहे, सहज वाया जाणार नाही.

प्रश्न : निशिगंध आत्ता, जानेवारीत लावू का?

थांबा. मार्च-एप्रिलमध्ये लावा.

प्रश्न : आमच्या माळावर मार्चमध्ये पान नसताना जमिनीतून उंच तुरा येतो, फुलं रात्री उमलतात. घरी लावता येईल? (मोहोळ)

वर्णनावरून तो कोळकांदा, म्हणजेच रानकांदा. पावसाची वाट न पाहता तापल्या मातीत फुलणारा हा आपला अस्सल वसंतकंद. मला तो ट्युलिपहून जवळचा वाटतो. पण कंद विषारी आहे, हृदयावर परिणाम करतो, आणि दिसतो खाण्याच्या कांद्यासारखा. मुलं, जनावरं असलेल्या अंगणात नकोच. मोकळी जागा असेल तर माळावरचा कंद उपटू नका. बोंडं सुकली की थोडं बी घ्या आणि पावसाच्या तोंडावर मुरमाड मातीत पेरा. फुलायला काही वर्षं जातील.