आधी ऊब, मग औषध : परसातल्या कोंबड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत पिल्लांच्या मरतुकीचीच पत्रं जास्त असतात. बहुतेक पत्रांत शेवटची ओळ एकच, "कोणतं औषध द्यावं?" पशुसंवर्धन खात्यात नोकरी करताना आणि आता निवृत्तीनंतर घरच्या परसात मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे : पहिल्या पंधरवड्यात मरणारी पिल्लं बहुतेक वेळा रोगाने मरत नाहीत, गारठ्याने, तहानेने किंवा ओलीने मरतात. म्हणून या वेळी पिल्लांचीच पत्रं निवडली आहेत.

ताई, आम्ही बायकांनी मिळून गिरिराज या सुधारित जातीची एक दिवसाची पन्नास पिल्लं आणली. पडवीत मोठ्या खोक्यात ठेवली, वर वीस वॅटचा बल्ब लावला, खायला तांदळाच्या कण्या घातल्या. पाच दिवसांत सोळा पिल्लं गेली. रात्री टुणटुणीत असतात आणि सकाळी कोपऱ्यात एकावर एक चेंगरून मेलेली दिसतात. दुकानातून अँटिबायोटिक आणून पाण्यात दिलं, तरी फरक नाही. काय करावं?
— एक वाचक भगिनी, चांदवड (जि. नाशिक)

ते औषध आधी थांबवा. तुमच्याच पत्रात उत्तर आहे. रात्री टुणटुणीत असलेली पिल्लं सकाळी कोपऱ्यात चेंगरलेली सापडली, म्हणजे ती ऊब शोधत एकमेकांच्या अंगावर चढली आणि खालची गुदमरली. तुमच्या भागात या दिवसांत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात, आणि पहिले काही दिवस त्याला स्वतःच्या अंगाची उष्णता राखता येत नाही. ती आपण द्यायची असते.

तुमचा वीस वॅटचा बल्ब एलईडी असणार. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. हल्ली घरोघरी तेच बल्ब असल्यामुळे ही गडबड फार ठिकाणी होते. जुना, तारेचा, पिवळ्या उजेडाचा बल्ब मागून घ्या. एका पिल्लामागे दोन वॅट हा आमचा ठोकताळा, म्हणजे पन्नास पिल्लांना शंभर वॅट. थंडीत मी एका शंभरऐवजी साठ-साठचे दोन लावायला सांगते. एक उडाला तर दुसरा असतो.

खोकं काढून टाका. त्याला कोपरे आहेत आणि कोपऱ्यातच पिल्लं मरतात. पुठ्ठ्याच्या किंवा पत्र्याच्या पट्ट्या जोडून दीड फूट उंचीचं गोल कडं करा, चार-पाच फूट व्यासाचं. खाली दोन इंच भाताचं तूस, त्यावर पहिले दोन-तीन दिवस खरबरीत कागद, नाहीतर पिल्लं तूसच खातात. गुळगुळीत वर्तमानपत्र नको, त्यावर पाय फाकतात आणि ते पिल्लू पुढे नीट उभं राहत नाही. पडवीच्या उघड्या बाजूला गोणपाट लावा, पण वरून हात-दीड हात जागा मोकळी ठेवा. कोंडलेल्या हवेनेही पिल्लं मरतात.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं. बल्ब वर उचलला की ऊब कमी होते. घरात थर्मामीटर नसला तरी अडत नाही. सगळी बल्बखाली गोळा झाली आणि चिवचिवाट केविलवाणा असला तर ऊब कमी पडते आहे. कड्याला चिकटून, चोच उघडी ठेवून धापत असली तर जास्त झाली. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा येतो आहे. कड्यात सगळीकडे पसरून काही खातायत, काही झोपलीयत, असं दिसलं की तुम्ही निर्धास्त झोपा.

आणखी एक खूण सांगते. रात्री झोपण्यापूर्वी दोन-चार पिल्लं उचला आणि त्यांचे तळपाय आपल्या गालाला लावून पाहा. पाय गार लागले तर पिल्लू गारठलं आहे, मग बल्ब कितीही जळत असो. तेव्हाच मानेखालची दाण्याची पिशवीही बोटाने चाचपा. भरलेली आणि मऊ असेल तर त्याने खाल्लंय, प्यायलंय. कडक लागली तर दाणा मिळाला, पण पाणी मिळालेलं नाही. रिकामी असेल तर त्याला खाणं सापडलंच नाही, त्याची चोच भांड्यात बुडवून दाखवा. आणल्याआणल्या पहिल्या दिवशी कोमट पाणी, त्यात किंचित गूळ, आणि पाण्याच्या थाळीत खडे टाका म्हणजे पिल्लं भिजायची नाहीत. ओलं झालेलं पिल्लू थंडीत टिकत नाही.

कण्यांवर पिल्लं जगतात, वाढत नाहीत. पहिल्या दिवशी कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरा, दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचंच खाद्य द्या. त्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, कण्यांत ती फार कमी. पैसे वाचवायचे असतील तर दोन महिन्यांनंतर वाचवा, तेव्हा ती उकिरडा उकरून किडे-मुंग्या खातील.

रात्री वीज गेली तर? मडक्यात किंवा कॅनमध्ये कढत पाणी भरा, गोणपाटात गुंडाळा आणि कड्याच्या मध्यावर ठेवा. कोळशाची शेगडी बंद पडवीत ठेवू नका. तिच्या धुरात जो वायू असतो त्याला वास नसतो, आणि पिल्लांबरोबर तिथे झोपलेल्या माणसालाही तो मारतो.

एवढं करूनही मरतूक चालूच राहिली तर ताजं मेलेलं पिल्लू घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. औषध डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढेच दिवस.

अंड्याला काल दुपारी बारीक भोक पडलं, आत पिल्लू चिवचिवतंय, पण बाहेर येत नाही. कवच सोलून काढू का?
— एक वाचक, पेडणे (गोवा)

नका सोलू. पहिली चीर पडल्यापासून बाहेर यायला पिल्लाला एक दिवससुद्धा लागतो. त्या वेळात ते आतल्या पडद्यातलं रक्त अंगात ओढून घेत असतं आणि बलक पोटात घेत असतं. आपण घाई केली तर रक्तस्राव होतो. त्याच बलकावर ते पुढे दोन दिवस दाण्याशिवाय राहू शकतं, म्हणून बाहेर आल्याबरोबर खायला घालायची धडपडही नको. कोंबडीखालून अंडं सारखं काढून पाहू नका.

ताई, आमच्याकडे मेघ गडगडले की अंडी नासतात म्हणतात. सासूबाई अंड्यांत लोखंडी खिळा ठेवायला सांगतात. जूनमध्ये खिळा ठेवूनही बारापैकी चारच फुटली. दर दोन-तीन दिवसांनी मिळालेलं एकेक अंडं जपून ठेवून बारा केली होती.
— एक वाचक भगिनी, संगमेश्वर (जि. रत्नागिरी)

खिळा ठेवा, त्याने काही बिघडत नाही. सासूबाईंचं निरीक्षणही खोटं नाही : पावसाच्या तोंडाशी बसवलेल्या अंड्यांतून पिल्लं कमी निघतातच. मात्र दोष गडगडाटाचा नाही. तुमच्या बाबतीत तर मला वाटतं तो अंड्यांच्या वयाचा आहे. दोन-तीन दिवसांनी एक या हिशेबाने बारा अंडी जमवायला जवळजवळ महिना गेला असणार, आणि तो मे महिना. उबवणीचं अंडं आठ-दहा दिवसांपेक्षा जुनं नको, त्यानंतर त्याचा जोर कमी होत जातो. मेच्या उकाड्यात तर आणखी लवकर. दोन-तीन कोंबड्यांची ताजी अंडी मिळून एका खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला तयार झालेल्या, कोंबडीखाली ठेवा. ठेवणीत निमुळतं टोक खाली, जागा गार, फ्रिजमध्ये नाही, आणि अंडी पाण्याने धुवायची नाहीत.

सातव्या रात्री अंधारात मोबाइलची बॅटरी अंड्याच्या बोथट टोकाला लावून पाहा. जीव धरला असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात, मध्ये एक काळा ठिपका हलतो. नुसतं पिवळं, स्वच्छ दिसलं तर त्यात काही नाही, ते बाजूला काढा. निम्म्याहून जास्त अशी निघाली तर कोंबड्याकडे पाहा. म्हातारा झालाय का, की पंधरा-वीस कोंबड्यांत एकटाच आहे? दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा हवा.

पावसाळ्यात डालग्यावर पागोळी पडणार नाही अशी जागा निवडा. कोंबडी दिवसातून एकदा उठते, पंधरा-वीस मिनिटं खाते-पिते, अंग राखेत घोळवते आणि परत येते. ती भिजून आली किंवा विजेच्या आवाजाने बुजून बाहेरच राहिली तर अंडी गार होतात. दाणा-पाणी जवळच ठेवलं की हा प्रश्न मिटतो. आणि बसवण्यापूर्वी तिच्या पंखांखाली उवा बघा. उवांनी हैराण झालेली कोंबडी एकवीस दिवस बसत नाही.

उन्हाळ्यात मानमोडीने आमच्या वस्तीतल्या जवळजवळ सगळ्या कोंबड्या गेल्या. आता नव्याने पंधरा पिल्लं काढली आहेत. लसीची बाटली शंभर डोसांची मिळते. पंधरा पिल्लांसाठी ती फोडणं परवडत नाही. लस न देता चालेल का?
— एक वाचक, पाटण (जि. सातारा)

नाही चालणार. मानमोडीवर औषध नाही. हिरवी-पांढरी पातळ हगवण, मान वाकडी, पंख लुळे, एवढं दिसेपर्यंत हातात काही उरत नाही. हा विषाणू वारा, चपला, बाजारातून आणलेली कोंबडी, पाहुण्याची पिशवी, कशातूनही येतो. एका घराने लस दिली आणि शेजारच्या चार घरांनी नाही, तर रोग वस्तीत राहतोच. म्हणूनच शंभर डोसांची बाटली ही तुमची अडचण नाही, सोय आहे. सात-आठ घरांची पिल्लं एका दिवशी एकत्र करा. एका पिल्लामागे खर्च अगदी थोडा येतो. यासाठी वस्तीत दोघा-तिघांनी एकाच आठवड्यात कोंबड्या अंड्यावर बसवायचं ठरवलं तर पिल्लंही एका वयाची होतात.

पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या रोगाची लस. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, पंखाच्या पातळ कातडीत टोचून. आठव्या ते दहाव्या आठवड्यात मानमोडीचं इंजेक्शन, आरटूबी नावाचं, ते दवाखान्यातल्या माणसाकडूनच करून घ्या. पुढे केव्हा द्यायची हे तिथेच विचारा, आणि उन्हाळा लागायच्या आत ते आटपा.

लस आणायची थर्मासमध्ये, बर्फ घालून. नुसती पिशवीत घालून एसटीने आणलेली लस म्हणजे रंगीत पाणी. बाटली फोडली की दोन तासांत संपवा, म्हणून पिल्लं आधी डालग्यात कोंडून तयार ठेवा आणि काम पहाटे उरका. थेंब डोळ्यात पडला की पिल्लू लगेच सोडू नका. त्याने पापणी मिटली, थेंब आत गेला, मग खाली ठेवा. आजारी, मलूल पिल्लाला त्या दिवशी लस नको.

मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकण्याची पद्धत तुमच्याकडे असेल तर कृपा करून थांबवा. खोल खड्डा, वर चुना, वर माती. आणि एकाच वेळी फार कोंबड्या पटापट मरायला लागल्या तर मानमोडीच असेल असं धरून बसू नका, दवाखान्यात लगेच कळवा. २००६ साली देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. मेलेली कोंबडी उघड्या हाताने साफ करून खायची नाही, मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही.

गिरिराजच्या कोंबड्या अंडी भरपूर देतात, पण खुडूक एकही बसत नाही. यांची पिल्लं घरी कशी काढावीत?
— एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)

त्या बसणारच नाहीत. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून या सुधारित जातींतून तो गुण निवडीने कमी केला आहे. गिरिराज काय, वनराज काय, या संकरातून तयार केलेल्या. त्यांच्या अंड्यांतून घरी पिल्लं निघतील, पण अंडी आणि वजन आईइतकं मिळेलच असं नाही. कडकनाथही फारशी खुडूक बसत नाही, हे आणण्यापूर्वी लक्षात घ्या.

दारात दोन-तीन गावठी कोंबड्या मात्र जरूर ठेवा. गावठी कोंबडी खुडूक बसून दोन-तीन आठवडे झाले असले की सुधारित जातीची एक दिवसाची दहा-बारा पिल्लं आणा आणि रात्री अंधार पडल्यावर तिच्या पोटाखाली एकेक सारा, खालची अंडी काढून घ्या. सकाळी उठून ती त्यांना आपलीच मानते. उजाडायच्या वेळी तिथे हजर राहा. एखादी कोंबडी टोचते, मग पिल्लं काढून बल्बखाली ठेवावी लागतात. तिने स्वीकारली तर पुढचे दीड महिने बल्ब नको, विजेची काळजी नको, आणि घार दिसली की पिल्लं कुठे लपवायची हे तीच बघते.

पिल्लं शक्यतो सरकारी अंडी उबवणी केंद्रातून घ्या. पुण्यात खडकीला, कोल्हापूरला, छत्रपती संभाजीनगरला आणि नागपूरला अशी केंद्रं आहेत. आधी नोंदणी करावी लागते. घेताना मरेक्स या रोगाची लस पहिल्याच दिवशी टोचली आहे ना, हे विचारा. ती घरी आणल्यावर देता येत नाही.