फिनिक्सच्या बायोमेडिकल कॅम्पसवर पोस्टडॉकची ऑफर: सही करण्याआधी काय विचारावं

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहराच्या मध्यभागी असलेल्या बायोमेडिकल कॅम्पसवर पोस्टडॉक (पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची नोकरी) मिळतोय, पण तिथे एकाच आवारात तीन विद्यापीठं आणि शिवाय खाजगी संस्था आहेत, मोठं हॉस्पिटल मात्र आवारात नाही. मग जावं का? माझी पोस्टडॉकची पाच वर्षं अशाच एका शहरी कॅम्पसवर गेली (शहर वेगळं), त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे हा कॅम्पस ही एक संस्था नाही. ती फिनिक्स महापालिकेची जागा आहे, साधारण 30 एकर. 2002 मध्ये टीजेन ही जीनोमिक्सची (संपूर्ण डीएनएच्या अभ्यासाची) संस्था स्थापन झाली आणि पुढे तिचं मुख्यालय इथे उभं राहिलं. 2007 मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजची पहिली बॅच, फक्त 24 मुलांची, एका जुन्या हायस्कूलच्या दुरुस्त केलेल्या ऐतिहासिक इमारतींत बसली. नॉर्दर्न अ‍ॅरिझोना विद्यापीठ तिथे फिजिओथेरपी वगैरे शिकवतं. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठही नंतर 850 पीबीसी नावाच्या इमारतीत आलं, तिथे कंपन्यांनाही जागा मिळते. आवार एक, पण पगार देणारे, नियम करणारे वेगवेगळे. तेव्हा ऑफर लेटरवर कोणाचं नाव आहे ते आधी बघा.

हे इतकं ठासून सांगतेय कारण व्हिसाचं गणित त्यावर ठरतं. विद्यापीठ किंवा ना-नफा संशोधन संस्था तुमचा एच-1बी (नोकरीसाठीचा व्हिसा) वार्षिक मर्यादेबाहेर करू शकते, लॉटरी (जास्त अर्ज आले की निघणारी सोडत) लागत नाही. पण दोन वर्षांनी त्याच इमारतीतल्या स्टार्टअपने बोलावलं, तर दोन मजले वर जाण्यासाठी तुम्हाला सहसा लॉटरीतून जावं लागेल. माझ्या बरोबरीच्या दोघांना हे ऐन वेळी कळलं. जे-1 या एक्स्चेंज व्हिसावर जात असाल तर रिसर्च स्कॉलरला पाच वर्षांची कमाल मुदत असते, ती पहिल्या दिवसापासून मोजत राहा.

आता हॉस्पिटल. तुमची शंका रास्त आहे, फक्त तिचं उत्तर तुमच्या प्रयोगावर अवलंबून आहे. मुख्य टीचिंग हॉस्पिटल कॅम्पसपासून गाडीने काही मिनिटांवर आहे. रक्तातून डीएनए काढून सीक्वेन्सिंग (त्याचा क्रम वाचणं) करायचं असेल, किंवा पॅराफिन मेणात जतन केलेल्या ऊतींच्या जुन्या ब्लॉकवर काम असेल, तर हे अंतर विसरून जा. पण ट्यूमरच्या ताज्या तुकड्यातून जिवंत पेशी वेगळ्या करायच्या असतील तर एकेक मिनिट महत्त्वाचं. ऑपरेशन थिएटरबाहेर उभं कोण राहणार? तुकडा पॅथॉलॉजीकडून सोडवून कोण आणणार? ऑपरेशन संध्याकाळी सातला संपलं तर लॅबमध्ये कोण असेल? बहुतेक वेळा उत्तर 'पोस्टडॉक' हेच असतं. मी आठवड्यात दोन रात्री तेच करत असे. त्याबद्दल तक्रार नाही, पेशंटने आपल्याला काय दिलंय याची जाणीव तिथे होते तशी दुसरीकडे कुठे होत नाही. पण आधी माहीत असायला हवं.

अंतरापेक्षा जास्त वेळ खातात ते करार. एकदा मला शेजारच्या संस्थेच्या फ्रीझरमधले नमुने हवे होते. लॅबच्या खिडकीतून तो मजला दिसायचा. दोन्ही पीआय (लॅबचे प्रमुख संशोधक) तयार, एथिक्स कमिटीची मंजुरी झालेली, तरी नमुने हस्तांतराचा करार दोन्हीकडच्या कायदा विभागांत मिळून सात महिने फिरत राहिला. शिवाय जुन्या संमतिपत्रात 'इतर संस्थांना देऊ' असं वाक्यच नव्हतं, म्हणून निम्मे नमुने शेवटपर्यंत मिळाले नाहीत. म्हणून पीआयला थेट विचारा: माझ्या प्रोजेक्टचे नमुने आज कोणाच्या ताब्यात आहेत, आणि करार झालाय की व्हायचाय? 'होईल लवकरच' असं ऐकलंत तर पहिलं वर्ष भरेल असं दुसरं काम हातात असू द्या.

मग जायचं कशाला? दोन कारणं मला खरी वाटतात. तिथल्या मेडिकल कॉलेजात प्रत्येक विद्यार्थ्याला चार वर्षांत स्वतःचा संशोधन प्रकल्प करावाच लागतो. त्यातल्या एकाला नीट शिकवलंत तर तो उद्याचा डॉक्टर तुम्हाला आज विचारतो, 'पण याचा पेशंटला उपयोग काय?' माझ्या दुसऱ्या पेपरचा मुख्य प्रश्न अशाच एका मुलीने जेवताना विचारला होता. दुसरं म्हणजे त्या भूमीचे स्वतःचे आजार. व्हॅली फीवर हा मातीतल्या बुरशीमुळे होणारा फुफ्फुसाचा संसर्ग. अमेरिकेतल्या नोंदींपैकी बहुतेक अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियातल्या. टीजेनने त्या बुरशीच्या जीनोमवर बरंच काम केलंय. तुमचा विषय संसर्गाकडे झुकणारा असेल तर असे पेशंट सहज दुसरीकडे मिळणार नाहीत.

राहण्याचं म्हणाल तर लाइट रेल डाउनटाउनमधून जाते, गाडीशिवाय सुरुवात करता येते. उन्हाळा गंभीरपणे घ्या. 2023 मध्ये तिथे सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता.

सही करण्याआधी लॅबमधल्या सध्याच्या पोस्टडॉकशी पीआय नसताना अर्धा तास बोला. त्याला एवढंच विचारा की गेल्या सहा महिन्यांत कॅम्पसवरच्या दुसऱ्या संस्थेतल्या किती लोकांबरोबर त्याने प्रत्यक्ष काम केलं. तो काय म्हणाला ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.